भात, कुकर आणि रात्री अकराचा ओटा

तुमची तक्रार थोडक्यात अशी. घणसोलीत घर, दोघांची नोकरी, चार वर्षांची मुलगी. मिसेस ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने साडेआठला घरी येतात आणि आल्या आल्या स्वयंपाकाला लागतात. उरलेला भात रात्रभर ओट्यावर राहतो, सकाळी त्याचा फोडणीचा भात होतो आणि त्यातला थोडा मुलीच्या डब्यात जातो. रविवारचं मटण दुपारपासून रात्रीपर्यंत कुकरातच असतं, कारण 'गरम फ्रिजमध्ये ठेवलं की फ्रिज बिघडतो'. फ्रीझरमधलं चिकन सकाळी निघताना सिंकमध्ये काढलेलं असतं, ते संध्याकाळपर्यंत. इडलीचं पीठ, भाकऱ्या, चटण्या सगळं बाहेर. काही बोललात की उत्तर ठरलेलं: "आमच्याकडे पाटणला असंच करतात, आजवर कोणाला काही झालं नाही." गेल्या रविवारी रात्री तुम्ही अर्धा कुकर मटण त्यांच्यासमोर कचऱ्यात ओतलंत, तेव्हापासून अबोला आहे. आता त्यांना दाखवायला तुम्हाला माझं लेखी मत हवंय.

मत देते, पण दाखवू नका. टीटीसीच्या औद्योगिक पट्ट्यातल्या, म्हणजे ऐरोली-रबाळे-महापे-तुर्भ्याच्या कंपन्यांची कँटीन तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. बाहेरच्या माणसाचा कागद नाचवून स्वयंपाकघरातलं काही बदललेलं मी पाहिलेलं नाही. कँटीनचे आचारी महाराज मान डोलावतात आणि तुमची पाठ वळली की पुन्हा तेच करतात. शिवाय सगळ्या मुद्द्यांवर मी तुमच्या बाजूने नाही.

भातापासून सुरुवात करू, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि नेमकं तेच सगळ्यांना सगळ्यात निरुपद्रवी वाटतं. तांदळावर शेतातूनच बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू आलेले असतात. भात शिजतो तेव्हा बाकीचे जिवाणू मरतात, हे बीजाणू मरत नाहीत. उन्हाळाभर कोरड्या मातीत पडून राहिलेलं तणाचं बी पहिल्या पावसात उगवतं, तसे ते भात कोमट झाला की जागे होतात. ओला, मऊ, पिठूळ भात आणि तीसेक अंशांची हवा, याहून चांगली सोय त्यांना कुठे मिळणार? वाढता वाढता त्यांतले काही प्रकार भातातच एक विष सोडतात, त्याला सेरुलाइड म्हणतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. कढईतली फोडणी सोडाच, कुकरच्या शिट्ट्यांनीही ते जात नाही. म्हणून "सकाळी चांगला परतून घेते ना" हा बचाव भाताच्या बाबतीत चालत नाही. परतल्याने जिवाणू मरतील, विष तसंच राहील. खाल्ल्यावर साधारण एक ते सहा तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात आणि बहुतेकांना दिवसभरात बरं वाटतं. लहान मुलांच्या यकृतावर गंभीर परिणाम झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. ती विरळा आहेत, पण आहेत.

हा प्रकार पहिल्यांदा नीट लक्षात आला तो 1970 च्या दशकात ब्रिटनमध्ये, चिनी हॉटेलांतल्या फ्राइड राइसमुळे. आदल्या दिवशी भात शिजवायचा, रात्रभर तसाच बाहेर ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी झटपट परतून द्यायचा, अशी तिथली पद्धत होती. तुमच्या घरच्या फोडणीच्या भाताची कृती यापेक्षा फार वेगळी नाही.

वास नाही, चव बदललेली नाही, बुरशी नाही, मग खराब कसा, असं मिसेस म्हणतात. अन्न आंबवणारे, नासवणारे जिवाणू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे वेगळे. दोन्ही एकाच वेळी वाढतील असं नाही. नाकाला कळतं ते नासणं. भाताला वास आला तर कोणीही तो टाकतोच, त्यामुळे खरी फसगत होते ती वास न आलेल्या भाताने.

आता पाटणचा मुद्दा. तो तुम्ही अडाणीपणा म्हणून उडवून लावलात, तो तसा नाही. पाटण सह्याद्रीच्या कुशीत. हिवाळ्यात तिकडे रात्री चांगलीच थंडी पडते आणि जुन्या घराचं मातीच्या भिंतींचं, फरशी नसलेलं स्वयंपाकघर तर आणखी गार. शिवाय तिकडच्या ताटात मुख्य असते भाकरी. भात थोडा, आणि जो उरेल तो पुष्कळदा ताकात कालवून खायचा किंवा जनावरांना घालायचा. त्याच सवयीला घणसोलीत आणून काय होतं बघा. मे महिन्यात आपल्याकडे रात्रीसुद्धा पारा 26-27 च्या खाली क्वचित जातो आणि हवा दमट. खिडक्या बंद आणि एक्झॉस्ट फॅनही बंद असलेलं फ्लॅटचं स्वयंपाकघर त्याहून दोनचार अंशांनी गरमच. सासूबाईंचं स्वयंपाकघर चुकीचं नव्हतं, तिथल्या हवेत ते चाललं. हे वाक्य तुम्ही मनापासून उच्चारू शकलात, तर अर्धं भांडण तिथेच मिटेल असा माझा अंदाज आहे. तुम्ही जिवाणूंबद्दल बोलता तेव्हा त्यांना त्यांच्या आईबद्दल ऐकू येतं.

'कोणाला काही झालं नाही' यातलं एक मात्र तपासण्यासारखं आहे. आपल्याकडे पोट बिघडलं की 'ऊन बाधलं', 'पित्त झालं', 'बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल' असं म्हणून विषय संपतो. घरच्या भातावर कोणी संशय घेत नाही. आणि जेवणाच्या प्रत्येक उरल्यासुरल्या भांड्यात विष होतंच असंही नाही, बहुतेक वेळा खरंच काही होत नाही. कँटीनमध्ये आम्ही रोजच्या प्रत्येक पदार्थाचा थोडा नमुना डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायला लावतो. तो दिवसेंदिवस कामाला येत नाही. ज्या दिवशी शंभर माणसं पोट धरून बसतात, त्या दिवशी येतो.

कुकरातल्या मटणाची गोष्ट भातापेक्षा निराळी आहे. मोठ्या भांड्यातला दाट रस्सा मधून फार हळू निवतो. दुपारी एकला गॅस बंद केलात तरी चार-पाच तासांनी मधला भाग कोमटच असतो. झाकण लावलेलं, आत हवा नाही, वर तेलाचा तवंग. अशा ठिकाणी क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जिवाणू वाढतो. हा सामुदायिक जेवणांचा जुना शत्रू आहे. लग्नाच्या, पूजेच्या, कँटीनच्या मोठ्या पातेल्यांतली आमटी-मटण याला भारी आवडतं. 43 ते 47 अंशांच्या दरम्यान दहाबारा मिनिटांत त्याची संख्या दुप्पट होऊ शकते. पोटात कळा येतात आणि जुलाब होतात, साधारण 6 ते 24 तासांत, उलटी सहसा नाही. फरक असा की याचं विष भांड्यात तयार होत नाही. जिवंत जिवाणू भरपूर संख्येने पोटात गेले की आतड्यात ते तयार होतं. त्यामुळे खळखळून उकळी काढली तर इथे बराच बचाव होतो.

मग रविवारी तुम्ही ओतलंत ते बरोबर की चूक? प्रामाणिक उत्तर असं, की पाच मिनिटं रटरट उकळून तुम्ही दोघांनी खाल्लं असतं, तर बहुधा काही झालं नसतं. तरी जेवताना त्यात डाव फिरलेला, हात लागलेले. माणसाच्या हातावर आणि नाकात असणारा स्टॅफिलोकॉकस त्यात पडून वाढला असेल, तर त्याचं विषही उकळण्याने जात नाही. नऊ-दहा तास बाहेर राहिलेलं मटण मी चार वर्षांच्या मुलीला दिलं नसतं. म्हणजे टाकणं बरोबर. मात्र दुपारी तीनला तुम्ही घरातच होतात ना? कुकर तेव्हा दिसला नाही का? रात्री दहाला मटण ओतणं म्हणजे काम संपल्यावर चूक काढणं, आणि तेही जिने सुट्टीच्या दिवशी वाटण घातलं तिच्यासमोर. आमच्या खात्यात तपासनीस असं वागला तर दुसऱ्या दिवसापासून त्याच्यापासून गोष्टी लपवायला सुरुवात होते. मुळात अन्न फेकणं त्यांना टोचतं यात मला काही वावगं दिसत नाही, मलाही टोचतं.

'गरम ठेवलं की फ्रिज बिघडतो' याबद्दल. आताचे फ्रिज वाफाळत्या डब्याने बिघडत नाहीत. पण सबंध गरम कुकर आत ठेवू नये हे खरंच, कारण शेजारचं दूध-दही तापतं आणि कुकर मधून निवायला रात्र लागते. म्हणजे त्यांची समजूत निम्मी बरोबर आहे, तिच्यातला निष्कर्ष तेवढा बदलायचा. फ्रिजबाहेर निववा, पण पटकन. भात परातीत पसरा, पंख्याखाली वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, मग पसरट स्टीलच्या डब्यात दोन-तीन बोटं थर भरून आत. रस्सा कुकरातून काढून दोन उथळ पातेल्यांत ओता आणि ती पातेली पाणी भरलेल्या परातीत ठेवून ढवळत राहा. आपल्या नळाचं पाणी उन्हाळ्यात स्वतःच कोमट असतं, म्हणून परातीत बर्फाचा एक ट्रे रिकामा करा. हिशेब सोपा: शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. जागतिक आरोग्य संघटनाही दोनच तास सांगते. खोलीत 32 अंशांच्या वर उकडत असेल तर एक तास धरावा, आणि एप्रिल-मे-ऑक्टोबरात आपलं स्वयंपाकघर त्यातच मोडतं. 5 ते 60 अंशांमधला पट्टा जिवाणूंचा. अन्न त्याच्या वर तरी ठेवा किंवा खाली तरी, मध्ये रेंगाळू देऊ नका.

आणि फ्रिज 5 च्या खाली आहे का, हे कधी पाहिलंय? आतल्या बटणावरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत. काहीशे रुपयांत थर्मामीटर मिळतो. मधल्या फळीवर पेलाभर पाण्यात तो रात्रभर बुडवून ठेवा आणि सकाळी दार उघडल्याबरोबर वाचा. आठ-दहा दिसले तर आश्चर्य वाटून घेऊ नका, गच्च भरलेल्या आणि दार सतत उघडणाऱ्या घरगुती फ्रिजमध्ये ते अगदी नेहमीचं आहे. हा थर्मामीटर टोकदार सळईचा घ्या, म्हणजे अन्नातही खुपसता येईल. मी कँटीनच्या महाराजांशी वाद घालणं कधीच सोडलं. थर्मामीटर त्यांच्या हातात देते आणि पातेल्याच्या मध्यभागी खुपसायला सांगते. स्वतःच्या डोळ्यांनी तिथे 41 वाचलं की पुढचं बोलावं लागत नाही.

चिकन तेरा तास सिंकमध्ये, हे वाईट आहे, पण भाताइतकं नाही. शिजवताना त्यावरचे साल्मोनेलासारखे जिवाणू मरतात. खरा धोका त्या पाण्याचा. वितळलेलं रक्ताळ पाणी सिंकभर पसरतं, त्याच सिंकमध्ये कोथिंबीर धुतली जाते, तिथेच काकडी चिरली जाते, आणि कोशिंबीर काही कोणी शिजवत नाही. नळाखाली धो धो धुतलेल्या चिकनचे शिंतोडेही असेच दूर जातात. धुतल्याशिवाय आपल्याकडे कोणाला चैन पडत नाही हे मला माहीत आहे, तर निदान खोल पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा आणि मग सिंक साबणाने घासा. वितळवण्यासाठी आदल्या रात्री फ्रीझरमधून खालच्या फळीवर, खोलगट भांड्यात. विसरलात तर मायक्रोवेव्हमध्ये वितळवून लगेच शिजवा. चिकन आणल्या दिवशीच एका वेळच्या पुड्या करून ठेवल्या तर हेही सोपं जातं.

आता जिथे तुम्ही चुकताय. इडलीचं पीठ रात्रभर बाहेरच राहायला हवं, नाहीतर आंबणार कसं? आंबताना त्यात आम्ल तयार होतं आणि त्या आंबटपणात बहुतेक उपद्रवी जिवाणूंना वाढता येत नाही. फुगलं की फ्रिजमध्ये, एवढंच. घरी विरजलेल्या दह्याचंही तेच. शेंगदाण्याची, लसणाची, जवसाची कोरडी चटणी, मेतकूट, लोणचं, तूप, लाडू यांत जिवाणूंना वापरता येईल असं पाणीच नसतं. भाकरी रात्रीची सकाळी खायला हरकत नाही, पावसाळ्यात बुरशी तेवढी बघा. हे सगळं तुम्ही भाताच्या रांगेत नेऊन बसवलंत, म्हणून तुमच्या भाताच्या बोलण्यालाही किंमत राहिली नाही. बाहेर ठेवू नये ते ओल्या खोबऱ्याची चटणी, खोबरं घातलेल्या भाज्या, कटाची आमटी, उकडलेले बटाटे, खवा आणि दुधाचं काहीही. यादी इतकी आखूड केलीत तर ती पाळली जाईल.

जाता जाता तुम्ही लिहिलंय, की गेल्या महिन्यात बांगडा खाऊन तुमचं तोंड लालबुंद झालं, डोकं ठणकलं, अंगावर पुरळ उठलं आणि मिसेस म्हणाल्या, ॲलर्जी आहे, खाऊ नका. मासळी दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून तुम्हीच आणली होतीत. ताजी होती असं तुम्ही म्हणता, आणि असेलही, कोळीवाड्यातून घेतलेला बांगडा सहसा ताजाच असतो. पण मग पिशवी स्कूटरला अडकवून तुम्ही भाजी घेतलीत, मुलीची सायकल दुरुस्तीला टाकलीत, मित्राकडे चहा प्यालात. बांगडा, सुरमई, कुपा या जातीच्या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा प्रथिनांचा घटक भरपूर असतो. मासा तापला की जिवाणू त्याचं हिस्टामाइन, म्हणजे ॲलर्जीसारखी लक्षणं आणणारं रसायन, करतात आणि तेही तळून, उकळून, गोठवून जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तासा-दोन तासांत तुम्ही वर्णन केलीत तशीच लक्षणं दिसतात, कधी खातानाच जिभेला चरचरतं. खरी ॲलर्जी असेल तर चांगल्या, गार ठेवलेल्या बांगड्यानेही त्रास होईल, तेव्हा पुन्हा खाण्याआधी डॉक्टरांशी बोला. मला मात्र स्कूटरचाच संशय आहे. मासळी शेवटी घ्यायची, कोळणीकडून मूठभर बर्फ मागून घ्यायचा, ती नाही म्हणत नाही, आणि थेट घर गाठायचं. या एका प्रसंगात अन्न बेफिकिरीने हाताळणारे तुम्ही होतात. अबोला संपवायला ही कबुली चांगली कामाला येईल.

राहिलं ते मुख्य. तुमच्या पत्रात मी एक गोष्ट शोधत होते आणि ती सापडली नाही: रात्री जेवणं झाल्यावर ओटा कोण आवरतं? तुम्ही महापेहून सातला घरी पोचता, त्या साडेआठला. स्वयंपाक त्या करतात, मुलीला झोपवतात त्या, आणि अकरा वाजता भात परातीत पसरून, निववून, डब्यात भरायचा तोही त्यांनीच? दिवसभर उभ्या असलेल्या बाईला त्या वेळी 'राहू दे सकाळी बघू' वाटणं हा हट्ट नव्हे, थकवा आहे. हट्ट नंतर येतो, कोणी बोट दाखवलं की.

म्हणून आजपासून भात तुमच्याकडे. जेवणं झाली की परात काढायची, पसरायचा, पंखा लावायचा, भांडी विसळेपर्यंत तो निवतो, डब्यात भरायचा, फ्रिजमध्ये ठेवायचा. काही बोलायचं नाही. 'बघ, असं करायचं असतं' हे तर अजिबात नाही. सकाळी त्या फ्रिजमधल्या भाताचा फोडणीचा भात करू देत, वाफ निघेपर्यंत गरम झाला म्हणजे झालं. खरं तर गार भात मोकळा परतला जातो, हे त्यांनाच जाणवेल. असा भात दुसऱ्या दिवशी संपवायचा, तिसऱ्या दिवसापर्यंत न्यायचा नाही. आमटी-भाजी-मटण तीन दिवसांपर्यंत चालेल. आणि वाटीने मोजून तांदूळ थोडे कमी टाकले तर उरायचं प्रमाणच घटेल, ते मात्र दोघांनी बसून ठरवा, कारण 'कमी पडलं तर?' ही भीती मराठी स्वयंपाकघरात जिवाणूंहून मोठी असते.

हटून बसायचं असेल तर एकाच गोष्टीवर बसा: मुलीच्या डब्यात कालचा भात नाही, फ्रिजमधला असला तरी. सकाळी भरलेला डबा मधल्या सुट्टीपर्यंत दप्तरात तापतो, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना उलट्या-जुलाबांनी पाण्याची कमतरता झपाट्याने होते. तूप-गूळ-पोळी, धिरडं, कोरडी बटाट्याची भाजी आणि पोळी, काहीही द्या, सगळं त्या सकाळी केलेलं. डबा करण्याची पाळीही आठवड्यातून दोन-तीनदा तुम्ही घेतलीत तर ही अट तुमच्या तोंडी शोभेल.

पोट बिघडलंच तर ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवून चमच्या-चमच्याने पाजत राहा. जुलाब थांबवायच्या गोळ्या मुलीला स्वतःच्या मनाने देऊ नका. शौचात रक्त, अंगात भरपूर ताप, पाणीही न टिकणं, बरेच तास लघवी नाही किंवा मूल मलूल पडणं, यांपैकी काहीही दिसलं तर वाट न बघता दवाखाना.

महावितरणचा देखभालीचा शटडाऊन असेल त्या दिवशी फ्रिजचं दार उघडू नका. बंद राहिलं तर चारेक तास आतलं गार टिकतं. त्याहून जास्त वेळ वीज गेली तर दूध, शिजवलेलं मांस आणि भात आधी तपासा, थर्मामीटर तुमच्याकडे आता असेलच. लोणच्याला काही होत नाही, त्याला हात लावू नका.